मेंढपाळी वाणाचा कुत्रा घरी आणताना : परिसर अभ्यासाचा एक पाठ

पाळीव प्राण्यांचा पाठ घेताना 'गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा घर राखतो' अशी तीन वाक्ये फळ्यावर लिहून आपण पुढे सरकतो. पहिल्या दोन वाक्यांविषयी तक्रार नाही. तिसऱ्या वाक्याने मात्र कुत्र्याची सारी जमात एकाच कामाला जुंपली जाते, आणि मुलांचा तोच समज जन्मभर कायम राहतो. वस्तुतः माणसाने हजारो वर्षांच्या सहवासात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे वाण निपजविले. शिकारीचा कुत्रा वेगळा, राखणीचा वेगळा आणि कळप हाकणारा वेगळा. आपल्या दख्खनमध्ये नावाजलेला, लांब तोंडाचा व सडपातळ कारवानी कुत्रा नजरेने सावज हेरून त्यामागे धावतो. तो शिकारी आहे, मेंढपाळी नव्हे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. जो कुत्रा आपण दारात बांधणार, त्याच्या रक्तात कोणते काम आहे हे ठाऊक नसल्यास घराची, शेजाऱ्याची आणि त्या मुक्या जिवाची सारखीच फरफट होते.

हा विषय याच वेळी घेण्यास कारण आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री तेथून हलवून, त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे, त्याच जागी परत सोडू नये, असे निर्देश दिले. आवारे बंदिस्त करण्यासही सांगितले. निवाऱ्यात जाणारी सगळीच कुत्री जन्मापासून मोकाट नसतात. त्यांत कोणी हौसेने आणलेली आणि हौस फिटल्यावर रस्त्यावर सोडलेलीही असतात. अशांत उभ्या कानांची, काळ्या पाठीची, अर्धी अल्सेशियन अर्धी गावठी कुत्री पुष्कळदा आढळतात. ती दिसायला देखणी असतात, डोळ्यांत बुद्धी दिसते, आणि पाहणाऱ्यास चटकन मोह पडतो. शिक्षकांपैकी कोणास, अथवा आपल्या विद्यार्थ्याच्या पालकांस, असा कुत्रा दत्तक घेण्याची इच्छा झाली तर ती स्तुत्यच आहे. परंतु इच्छेबरोबर माहिती हवी.

प्रथम आपल्या जवळचे उदाहरण पाहू. पावसाळा सरल्यावर धनगरांचे वाडे आपल्या शिवारांतून उतरतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवितो, कारण एका रात्रीचे लेंडीखत त्याला मोलाचे असते. घोड्यावर बिऱ्हाड, करडे-कोकरे जाळीत, आणि कडेला दोन-तीन थोराड कुत्री, हे दृश्य ग्रामीण मुलांच्या परिचयाचे आहे. मुलांस विचारावे : 'हे कुत्रे मेंढ्या हाकते काय?' बहुतेक मुले होकार देतील. नंतर नीट पाहावयास सांगावे. मेंढ्या हाकण्याचे काम मेंढपाळ स्वतः आपल्या हाळीने, शिळेने व काठीने करतो. कुत्रा कळपाच्या आगेमागे रमतगमत चालतो, दुपारी सावलीस झोपतो, आणि रात्री लांडग्याची चाहूल लागताच उठून उभा राहतो. त्याचे मुख्य काम राखणीचे आहे. कन्नडच्या बाजूस गौताळ्याच्या रानालगत बिबट्याचेही भय असते. तेथे त्या राखणीचे मोल अधिकच जाणवते.

असा कुत्रा मेंढीवर दात का धरीत नाही? यावर मुलांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. 'मालक मारील म्हणून' हे त्यांतील नेहमीचे उत्तर. खरे कारण बालपणात आहे. पिलू तीन आठवड्यांचे झाल्यापासून साधारणपणे तीन-साडेतीन महिन्यांचे होईपर्यंत ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांस ते आपल्या गोतात धरते. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून प्रवास करीत असता १८३३ साली दक्षिण अमेरिकेतील आजच्या उरुग्वे देशात होता. तेथील मेंढपाळ पिलास आईपासून लौकर तोडून मेंढीचे दूध पाजतात, मेंढ्यांच्या वाड्यातच लोकरीचे अंथरूण करून देतात आणि इतर कुत्र्यांत मिसळू देत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. मोठे झाल्यावर ते कुत्रे कळप सोडून जात नाही. आपल्या वाड्यावर वाढणारे पिलूही कोकरांच्या अंगाला अंग लावूनच वाढते. सात समुद्रांपलीकडील गुराख्यास व आपल्या धनगरास एकच गोष्ट अनुभवाने कळली, हे मुलांना सांगण्याजोगे आहे. धनगरांचे दैवत खंडोबा. त्याच्या मूर्तीशेजारी कुत्रा असतो. शहरालगतच्या सातारा येथील खंडोबास सहल गेल्यास या गोष्टीची आठवण करून द्यावी.

आता हाकणाऱ्या कुत्र्याकडे वळू, कारण खरा घोटाळा येथे होतो. लांडग्याची शिकार पाहिली तर तीत एकामागून एक पायऱ्या दिसतात : सावज शोधणे, त्यावर टक लावणे, दबकत पुढे सरकणे, पाठलाग करणे, धरणे आणि शेवटी मारणे. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून अशी कुत्री निपजविली की ज्यांत आरंभीच्या पायऱ्या तीव्र राहिल्या आणि शेवटची बोथट झाली. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील बॉर्डर कॉली हा वाण नुसत्या नजरेच्या धाकाने मेंढ्या वळवितो. आपण ज्यास अल्सेशियन म्हणतो तो मूळचा जर्मन मेंढपाळांचा कुत्रा. माक्स फॉन श्टेफानिट्स या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली त्याचा वाण निश्चित करण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीविषयीच्या रोषामुळे ब्रिटिशांनी त्याचे नाव बदलून 'अल्सेशियन' केले, तेच आपल्याकडे रुळले. जर्मनीत मेंढ्या उभ्या पिकांच्या मधल्या पट्ट्यांत चारतात, तेथे कुंपण नसते. पिकाच्या कडेने दिवसभर येरझारा घालून मेंढीस पिकात शिरू न देणे हे त्या कुत्र्याचे काम. त्यास चालते-बोलते कुंपणच म्हणावे.

दिवसभर येरझारा घालणारे हे कुंपण जेव्हा आपण दहा हात लांबीच्या अंगणात दीड हात साखळीने बांधतो, तेव्हा काय होते? तो खड्डे उकरतो, चपला फाडतो, शेपटीमागे गोल फिरतो, रात्रभर भुंकतो. घरधनी म्हणतो, 'कुत्रा वांड निघाला.' शेजारी म्हणतात, 'खुळावला.' माझ्या मते या दोन्ही शब्दांनी त्याच्यावर अन्याय होतो. चुणचुणीत मुलास दिवसभर हाताची घडी घालून बसविले तर ते जे करील, तेच हा कुत्रा करतो, आणि अशा मुलाला 'व्रात्य' ठरविणारे शिक्षकही आपण पाहिले आहेतच.

आपल्या जिल्ह्यातील एका गावी घडलेली हकीकत येथे देतो. एका शिक्षकांनी शहरातील निवाऱ्यातून दोन वर्षांची अशी मिश्र वाणाची कुत्री आणली. त्यांचे घर शाळेच्या भिंतीला लागून होते. दिवसभर ती निंबाच्या झाडास बांधलेली असे आणि मधल्या सुटीत, तिलाही मोकळीक मिळावी या सद्हेतूने, तिला सोडण्यात येई. पहिले चार दिवस मुलांना मोठी मौज वाटली. मुले धावू लागली की कुत्री त्यांच्याभोवती मोठे वर्तुळ घेई, मागे राहिलेल्या पोरास पुढे पिटाळी आणि सगळ्यांना हळूहळू वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात गोळा करी. पाचव्या दिवशी दुसरीतील एक मुलगा घोळक्यातून निसटून पळाला. कुत्रीने मागून जाऊन त्याच्या टाचेस दात लावला. कातडीवर ओरखडा उठला, किंचित रक्त आले. सायंकाळपर्यंत गावात बातमी झाली की मास्तरांची कुत्री पिसाळली, आणि काठ्या घेऊन माणसे जमली.

मुख्याध्यापिकाबाईंनी त्या वेळी जे केले ते अनुकरणीय आहे. त्यांनी प्रथम मुलाची जखम साबणाने धुवून घेतली व त्यास पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडले. तेथे लस सुरू झाली. कुत्रीच्या लसीकरणाचा दाखला शिक्षकांजवळ होता, तो त्यांनी जमलेल्या लोकांपुढे वाचून दाखविला. पशुवैद्यांनी कुत्रीस दहा दिवस निराळे बांधून तिच्यावर लक्ष ठेवण्यास सांगितले. पिसाळलेले कुत्रे चावले असल्यास ते बहुधा त्या मुदतीत मरते; ही कुत्री व्यवस्थित खातपीत राहिली. तिने जे केले ते वेड नव्हते. निसटलेल्या मेंढीची टाच किंचित धरून तिला कळपात परत आणणे हे तिच्या पूर्वजांचे कामच होते. मात्र मुलगा म्हणजे मेंढी नव्हे, आणि त्याची भीती खोटी नव्हती. शिक्षकांनी कुत्री शाळेच्या वेळेत आवाराकडे येणार नाही अशी कायमची तजवीज केली, पहाटे माळावर तास-दीड तास नेण्यास प्रारंभ केला, आणि तिला 'थांब' हा एक शब्द नेटाने शिकविला. काही महिन्यांत ती निवळली. धावती सायकल दिसली की आजही तिची मान वळते; पण 'थांब' म्हणताच पाय थांबतात.

यावरून दत्तक घेण्यापूर्वी काय पाहावे हे ध्यानात येईल. निवाऱ्यात एकदाच जाऊन, मन भरून आले म्हणून कुत्रा घेऊन येऊ नये. दोन-तीन वेळा, निरनिराळ्या प्रहरी जावे. त्याला बाहेर काढवून धावती मुले, सायकल, शेळी, कोंबडी यांकडे तो कसा पाहतो हे दुरून न्याहाळावे. टक लावून, मान खाली घालून, अंग आखडून पाहत राहिला आणि हाक मारल्यास ऐकेना, तर ज्या घरी शेळ्या-कोंबड्या आहेत तेथे तो नेणे धोक्याचे. हाकेसरशी मान वळवीत असेल तर शिकविण्यास वाव आहे. तो निवाऱ्यात का आला, नसबंदी झाली आहे काय, रेबीजची लस केव्हा दिली, लहान मुलांत पूर्वी राहिला आहे काय, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत व कागद मागून घ्यावेत. सगळ्यांत कठीण प्रश्न मात्र स्वतःस विचारावयाचा आहे : पावसात, परीक्षांच्या दिवसांत, निवडणुकीच्या कामात, पाहुण्यांच्या गर्दीत, रोज सकाळ-संध्याकाळ मी याच्यासाठी वेळ काढीन काय? उत्तर डळमळीत असेल तर शांत स्वभावाचे, वयस्क गावठी कुत्रे घ्यावे. त्यालाही घर हवेच असते.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस गोतावळा जमवू नये. जागा, पाणी व झोपण्याचा कोपरा निश्चित करून द्यावा. नव्या घरी आलेले कुत्रे कधी अन्न सोडते, कधी खाटेखाली दडून बसते. त्यास बळेच ओढू नये. बाहेर नेताना पट्टा सोडू नये, कारण अनोळखी मुलखात सुटलेला कुत्रा परतत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा चाळीस अंशांवर जातो. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववितो, आणि अल्सेशियन वाणाचे केस तर दुहेरी असतात. यास्तव उन्हाळ्यात फिरणे सूर्योदयापूर्वी व दिवेलागणीनंतरच. डांबरी रस्त्यावर आपला उलटा तळहात ठेवून पाहावा. आपणास चटका बसला तर त्याच्या पावलांसही बसतो. खाण्यास भाकरी चालते, परंतु केवळ भाकरीवर भागत नाही. अंडे, मांस किंवा दुसरा पौष्टिक पदार्थ जोडीस हवा. कांदा, द्राक्षे व चॉकलेट देऊ नयेत. ती त्यास बाधतात.

आणि काम द्यावे. काम म्हणजे केवळ धावणे नव्हे. नुसते धावडविल्याने पायांत बळ येते, मन रिकामेच राहते. भाकरीचे तुकडे अंगणात लपवून शोधावयास लावणे, 'बस', 'थांब', 'ये' या आज्ञा पाळविणे, टोपली किंवा पिशवी तोंडात धरून आणविणे, असे साधे उद्योग त्यास पुरतात. एका वेळी एकच शब्द, घरातील सर्वांच्या तोंडी तोच शब्द, जमताच लगेच बक्षीस, आणि चुकल्यास मार नाही. आपण अध्यापन पद्धतीत जे शिकलो त्याहून यात नवे काही नाही. अमेरिकेतील जॉन पिली हे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीस रोज चार-पाच तास याप्रमाणे तीन वर्षे शिकवून १०२२ वस्तूंची नावे ओळखावयास लावले. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. वस्तू हातात धरून नाव पुनःपुन्हा उच्चारणे, मग ती लपवून शोधावयास लावणे, आणि जुन्या शब्दांची उजळणी केल्याशिवाय पुढे न जाणे, हा त्यांचा क्रम होता. इयत्ता पहिलीच्या वर्गास अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकास तो ओळखीचाच वाटेल.

कायद्याची बाजूही शिक्षकांस माहीत असावी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या खटपटीचे ते फळ होय. त्याच्या ११ व्या कलमात मारहाण तर आहेच, पण प्राण्यास अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे, यांचीही क्रूरतेत गणना केली आहे. पाळलेला प्राणी विनाकारण सोडून देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. व्यायाम ही मालकाची मर्जी नसून कर्तव्य आहे, हे साठांहून अधिक वर्षे कायद्यात लिहिलेले असूनही फारच थोड्यांना ठाऊक असते. प्राणिमात्राविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे मूलभूत कर्तव्य १९७६ साली राज्यघटनेच्या ५१-क कलमात आले. परिपाठात मूलभूत कर्तव्ये वाचून घेताना त्या ओळीवर क्षणभर थांबण्यास हरकत नाही. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा त्या वेळी सांगावी. नामदेव आपल्याच मराठवाड्यातील नरसीचे मानले जातात, हेही सांगावे.

दयेची गोष्ट सांगताना रेबीजचे भय झाकून ठेवू नये. हा रोग एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ हमखास प्राणघातक ठरतो. मात्र वेळेवर उपचार घेतल्यास तो टळतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिल्यांदा ही लस दिली आणि तो वाचला. आपल्या चौथीतील मुलाचेच ते वय. मुलांकडून पुढील गोष्ट तोंडपाठ करून घ्यावी : चावा वा ओरखडा लहान असो की मोठा, कुत्रे घरचे असो की रस्त्यावरचे, ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी, घरी सांगावे आणि दवाखान्यात जावे. तिखट, चुना, हळद, तेल लावू नये. पट्टी करकचून बांधू नये. मंत्र-गंडादोरा यांत वेळ दवडू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती पुष्कळ घरांत अद्याप टिकून आहे, आणि तिच्यापायी मुले चावा लपवितात. ती पद्धत केव्हाच मागे पडली. आता त्वचेत द्यावयाची लस दंडास ०, ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. जखम खोल असल्यास जखमेच्या जागी आणखी एक औषध टोचतात. सारे हप्ते पुरे करणे आवश्यक असते. शिक्षकांनी अशा मुलाच्या लसीच्या तारखा हजेरीपत्रकाच्या मागे टिपून ठेवाव्यात. चार दिवसांत जखम भरली की २८ वा दिवस घरी विसरला जातो. घरच्या कुत्र्यास तीन महिन्यांच्या वयापासून लस देऊन पुढे दरवर्षी ती देत राहावे.

वर्गात हा पाठ दोन तासांत घ्यावा. पहिल्या तासास मुलांनी आपापल्या ओळखीच्या कुत्र्यांची नावे, रंग व कामे सांगावीत. शिक्षकांनी फळ्यावर शिकारी, राखणदार व हाकणारा असे तीन रकाने पाडून ती नावे योग्य ठिकाणी लिहावीत. कित्येक नावे कोणत्याच रकान्यात बसणार नाहीत. ती बसवू नयेत. त्यांवरच चर्चा चांगली रंगते. दुसऱ्या तासास मैदानात कृती घ्यावी. कुत्रे अंगावर येत आहेसे वाटल्यास पळू नये, ओरडू नये, हात अंगाशी धरून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. एका मुलाने कुत्रा व्हावे, इतरांनी झाड. जे झाड हसेल ते बाद. खेळ मुलांना आवडतो आणि सवय अंगवळणी पडते. खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये, हेही याच वेळी सांगावे. शाळेच्या आवारात कुत्रा पाळून 'प्रात्यक्षिक' दाखविण्याचा उत्साह मात्र आवरावा. शाळा ही त्याची जागा नव्हे.

धनगराचा वाडा गावाच्या शिवारात उतरला असेल तर तेथे क्षेत्रभेट न्यावी. आदल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः जाऊन मेंढपाळाची परवानगी घ्यावी व त्याच्या सोयीची वेळ विचारावी. सायंकाळी मेंढ्या परततात ती वेळ पाहण्यास उत्तम, पण त्या वेळी त्याला उसंत नसते. मुलांनी कुत्र्यास कोणत्या वयात आणले, त्याला काय खावयास देतात, रात्री तो कोठे बसतो, लांडगा कधी आला होता काय, हे प्रश्न लिहून न्यावेत. वाड्यापासून वीस पावलांवर सर्वांनी थांबावे, आणि मेंढपाळ स्वतः बोलावील तेव्हाच, एका रांगेत, न धावता पुढे जावे.